सोमाबुढ्याची तीन मिनिटं

ही गोष्ट खरी आहे.

इथे प्रत्येक जण असंच म्हणतो, हे मला ठाऊक आहे. भुताच्या गोष्टींचं हे पान मी दोन वर्षांपासून वाचतोय. अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... आणि लिहिणारा वर शपथ घेतो. वाचणारेही धन्य आहेत. त्यांना भीती हवी असते, पण चहासोबत.

माझ्या गोष्टीत अमावास्या नाही. पिंपळ नाही. मध्यरात्रसुद्धा नाही.

१९३९ सालचा फेब्रुवारी महिना. गुरुवार. संध्याकाळचे साडेसहा. ठिकाण अमरावती, कॅम्पातला जानराव वकिलांचा बंगला. व्हरांड्यात शहरातली तीस-पस्तीस प्रतिष्ठित माणसं बसलेली आणि मधोमध टेबलावर रेडिओ. स्वयंपाकघराच्या दारात माझी आई उभी होती. तिचं नाव मैनाबाई. जे घडलं ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि पुढे मला सांगितलं. माझी आई खोटं बोलत नसे. ते खातं आमच्या घरी वडिलांकडे होतं.

वडिलांचं नाव खुशालराव. वडाळीकडे आमचा भाजीचा मळा होता. वकिलांच्या स्वयंपाकघरात आमचीच भाजी जायची. उन्हाळ्यात मोठी माणसं चिखलदऱ्याला हवा खायला गेली, की वडील त्यांच्या मागोमाग वांगी, भेंडी, कोथिंबीर घेऊन दोन महिने वर मुक्काम ठोकत. तिथे बाजाराला कोरकू लोक येत. त्यांच्यात बसून-उठून वडील कोरकू शिकले. मोडकीतोडकी नाही, चांगली. अमरावतीत तेव्हा वकील होते, डॉक्टर होते, संस्कृतचे पंडित होते. पण कोरकू येणारा माणूस त्या सगळ्यांत माझा बाप एकटा. वासरात लंगडी गाय शहाणी. त्या गाईला माज चढायला कितीसा वेळ लागतो?

आता रेडिओचं सांगतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. नागपूरला केंद्र नव्हतं. मुंबईहून जे येईल ते खरखरीसकट ऐकायचं. त्या हिवाळ्यात आगटे नावाचे गृहस्थ दोन पेट्यांमध्ये आवाज तबकडीवर कोरायचं यंत्र घेऊन अमरावतीत उतरले. रेडिओसाठी मुलाखती घेणं हा त्यांचा धंदा. विषय ताजा होता. नागपूरला जंगलाचा कायदा सुधारायच्या गोष्टी चालल्या होत्या. आगटेसाहेबांनी अर्ध्या तासाचे तीन भाग पाडले.

कायद्यातली सुधारणा: जानराव वकील, पंधरा मिनिटं.

लाकडाचा व्यापार: महादेवराव ठेकेदार, बारा मिनिटं.

जंगलात राहणाऱ्यांचे हक्क: उरलेली तीन मिनिटं.

या तीन मिनिटांसाठी मेळघाटातून एक माणूस आणायचा होता. तो महादेवरावांच्या लाकडाच्या लॉरीत बसून आला. त्याचं नाव सोमा भिलावेकर. चिखलदऱ्याखालच्या एका गावचा म्हातारा. वडील त्याला दहा वर्षांपासून ओळखत होते. सगळे त्याला सोमाबुढा म्हणत.

सोमाबुढा हक्काबिक्कासाठी आला नव्हता. त्याला एक झाड हवं होतं.

कोरकूंमध्ये माणूस गेला की पुढे सिडोली करतात. सागवानाची फळी घडवून तिच्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरतात. त्या खांबाला मुंडा म्हणतात. तो गावाजवळ रोवला, की मेलेलं माणूस आपल्या वाडवडिलांत जाऊन मिळतं. तोवर ते बाहेरच. ना घरात, ना पितरांत. सोमाबुढ्याची बायको फुलाय तीन वर्षांपूर्वी गेली होती. तिचा मुंडा अजून उभा राहिला नव्हता.

कारण झाड मिळत नव्हतं.

सागवान तर डोंगरभर होतं. पण मुंड्याचं झाड अस्पर्श लागतं. त्याला आधी कोणाचं लोखंड लागलेलं चालत नाही. आणि जंगलखात्याची रीत अशी, की ज्या झाडाची परवानगी द्यायची त्याच्या बुंध्यावर आधी हातोड्याने सरकारी ठसा मारायचा. म्हणजे परवानगी मिळाली की झाड बाटलं. आणि परवानगीशिवाय तोडलं तर कैद.

सोमाबुढ्याला एवढंच सांगायचं होतं. एक झाड द्या, पण ठसा न मारता द्या.

"सांग ना बाबा," जानराव वकील म्हणाले होते. "रेडिओवर सांग. नागपूरचे साहेब लोक ऐकतात. तुझं काम होऊन जाईल."

त्या शब्दावर म्हातारा डोंगर उतरून आला.

मुलाखतीच्या दिवशी, म्हणजे त्या गुरुवारच्या आठ दिवस आधी, सकाळी आईने त्याला वकिलांच्या मागच्या अंगणात जेवायला वाढलं. त्याने दोन पाट मागितले. एकावर तो बसला. दुसरा डाव्या हाताला मांडला.

"अजून कोन येनार हाय?" आईने विचारलं.

"आली ना," तो म्हणाला. "घरवाली हाय."

तो वऱ्हाडी छान बोलायचा. लॉरीतून उतरल्यापासून तो असाच चालत होता, डावीकडे एका माणसाची जागा सोडून. फाटकातून आत येतानासुद्धा तो कडेला सरला आणि आधी डाव्या बाजूला वाट दिली. वकिलांचा गडी हसला. आई हसली नाही. तिने दुसऱ्या पाटापुढेही भाकरी ठेवली.

जेवण झालं. म्हातारा हात धुवायला गेला. आईने पाट उचलले.

पहिला पाट ऊबदार होता. माणूस उठल्यावर असतो तसा.

दुसराही...

आईने तो पाट दोन्ही हातांनी धरून पाहिला. मग भिंतीला उभा केला आणि पदराला हात पुसले. तिने कोणाला काही सांगितलं नाही. सांगून ऐकणार कोण होतं?

दिवाणखान्यात आवाज घुमू नये म्हणून खिडक्यांना गोधड्या टांगल्या होत्या. आगटेसाहेब गळ्याला मफलर गुंडाळून ज्येष्ठमध चघळत बसलेले. सोमाबुढ्याने त्यांना रामराम केला आणि वऱ्हाडीत आपली गोष्ट सुरू केली.

साहेब दचकले. "हा मराठी बोलतो?"

"बोलतो जी," सोमाबुढा म्हणाला.

"छे छे. मग त्यात कोरकू काय राहिलं? श्रोत्यांना अस्सल बोली ऐकू आली पाहिजे. तू तुझ्या भाषेत बोल. हे खुशालराव मराठीत सांगतील."

बघा म्हणजे. ज्याला चांगलं बोलता येतं त्याला गप्प करायचं, आणि मग त्याच्या वतीने बोलायला दुसरा बसवायचा. या शहाण्यांच्या डोक्यात हे बरोबर होतं. माझ्या बापालाही बरोबर वाटलं, कारण तो दुसरा म्हणजे तोच होता. त्याने त्या दिवसासाठी कोट शिवून घेतला होता. रेडिओवर कोट दिसतो का हो?

आत जायच्या आधी वकिलांनी वडिलांना बाजूला घेतलं. आई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच उभी होती. भाजीवाल्याची बायको म्हणजे त्यांच्या लेखी भिंत.

"खुशालराव, जरा गोडीने सांगा बरं. कायदा बिचारा आत्ता कुठे रांगतोय. ज्यांच्यासाठी करतो तेच कुरकुर करताहेत असं नागपुरात गेलं, तर सगळंच बारगळेल. शेवटी त्यांच्याच भल्याचं आहे."

महादेवराव ठेकेदार नुसतेच खाकरले. ठसा न मारता एक झाड सुटलं, की उद्या दहा सुटतील, ही त्यांची पोटदुखी. पण ते तसं बोलले नाहीत.

"तुमी काई फिकर करू नका जी," वडील म्हणाले.

यंत्र सुरू झालं. आगटेसाहेबांनी प्रश्न विचारला. "नव्या सुधारणेबद्दल तुम्हा मंडळींना काय वाटतं?"

सोमाबुढा बोलला. सावकाश. मध्ये दोनदा त्याने डावीकडे पाहिलं. तिकडे रिकामी खुर्ची होती. तीही त्यानेच मागून घेतली होती. कोरकूतलं त्याचं बोलणं संपलं आणि वडिलांनी घसा साफ केला.

"सोमा भिलावेकर म्हणतात की सरकार आमचे मायबाप आहे. नव्या कायद्याने आमच्या देवकार्यास लाकूड मिळणार, याचा आम्हांस अत्यंत आनंद आहे."

आम्हांस! अत्यंत! आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी "आम्हांस" म्हटलं नव्हतं.

आणि सोमाबुढ्याला शब्दन् शब्द कळला. मराठी येत होतं ना त्याला.

यंत्र थांबेपर्यंत बोलायचं नाही, असं बजावलेलं होतं. म्हातारा थांबला. तबकडी थांबली. मग तो वऱ्हाडीत म्हणाला, "खुशालराव, हे म्या नाई म्हटलं."

आगटेसाहेबांनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी छताकडे.

"मले पुन्हा बोलू द्या जी. मराठीत सांगतो."

"आता तबकडी शिल्लक नाही," आगटेसाहेब म्हणाले. "फार छान झालं. धन्यवाद."

सोमाबुढा उठला. वडिलांच्या अगदी जवळ आला.

"मी आयकून घेईन," तो म्हणाला. "माह्यं काय हाय. पन तिनंबी आयकलं. आता तिले तुमीच सांगा."

आणि तो निघाला. महादेवरावांनी लॉरी देतो म्हटलं, पण तो थांबला नाही. आई फाटकापर्यंत गेली. तिने जे पाहिलं ते तिने मला शंभरदा तरी सांगितलं असेल.

येताना म्हातारा रस्त्याच्या कडेने, डावीकडे जागा सोडून आला होता.

जाताना तो रस्त्याच्या मधून चालला होता.

एकटा...

पुढचे आठ दिवस आमच्या घरी विशेष काही झालं नाही. म्हणजे भांडी पडली नाहीत, दारं आपटली नाहीत. तुमच्या आवडीचं काही नाही.

फक्त एक गोष्ट. वडील बोलले, की त्यांचं वाक्य संपल्यावर...

श्वास ऐकू यायचा. घाईने आत घेतलेला. आता आपली पाळी, असं वाटून कोणी बोलायला तोंड उघडावं तसा. आणि मग काहीच नाही.

वडील गिऱ्हाइकाला सांगत, "वांगी आजचीच हाये."

श्वास.

वडील आईला सांगत, "मीठ कमी हाय."

श्वास.

"अजी, तुमाले आयकू येऊन राह्यलं ना?" आईने विचारलं.

"काय?"

"तुमच्या मागून कोनीतरी..."

"तुह्यं डोस्कं फिरलं," वडील म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांनी बोलणं कमी केलं. माझ्या बापाने बोलणं कमी करावं, यातच काय ते समजा.

आणि तो गुरुवार उजाडला.

वकिलांच्या व्हरांड्यात खुर्च्या कमी पडल्या. निवृत्त न्यायाधीश, शाळेचे मुख्याध्यापक, नागपूरहून मुद्दाम आलेले कायदेमंडळाचे एक सभासद. शिरा, चिवडा, विडे. वडिलांना मागच्या ओळीत का होईना, पण खुर्ची मिळाली. अंगावर तोच कोट. आई शिरा वाढायला होती.

साडेसहा वाजले. दिवे लागले.

जानराव वकील पंधरा मिनिटं बोलले, म्हणजे रेडिओतून. समोर बसलेले जानराव स्वतःच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. मग महादेवराव. जंगलाशिवाय व्यापार नाही आणि व्यापाराशिवाय जंगल नाही, असं काहीतरी. लोक विड्याचे पिवळे-लाल दात दाखवत वाहवा करत होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याला वऱ्हाडात मुलाखत म्हणायची सुरुवात तेव्हापासूनची आहे.

मग आगटेसाहेबांचा प्रश्न आला.

मग सोमाबुढ्याचा आवाज. कोरकू. सगळे कौतुकाने हसले. पिंजऱ्यातल्या पोपटाने विठ्ठल म्हटल्यावर हसतात तसे.

सोमाबुढा थांबला.

वडील खुर्चीत पुढे सरकले. आता त्यांचा आवाज येणार होता. सगळ्या हिंदुस्थानात.

रेडिओ खरखरला.

काही नाही...

वडिलांचा आवाज आलाच नाही. जिथे "सोमा भिलावेकर म्हणतात" हवं होतं, तिथे नुसती शांतता. मुख्याध्यापकांनी रेडिओची कळ फिरवायला हात पुढे केला.

तेव्हा श्वास ऐकू आला.

तोच.

आईच्या हातातला चमचा ताटलीत वाजला. एवढ्या माणसांत फक्त तिला माहीत होतं, हा श्वास कुठला आहे ते. तिला आणि वडिलांना.

मग बाईचा आवाज आला.

म्हाताऱ्या बाईचा. कोरकूत. रडवेला नाही, चिडका नाही. वाट सांगावी तसा, तुटक-तुटक. एक शब्द, थांबा. दुसरा शब्द, थांबा. समोरच्याला नीट लक्षात राहावं म्हणून. आई म्हणायची, आवाज रेडिओतून येत होता, पण मला तो पहिल्या ओळीतल्या खुर्च्यांमधून येतोय असं वाटलं. विडे तोंडात तसेच राहिले.

"ही कोण?" जानराव वकिलांचा चेहरा उतरला होता. "ही बाई तर नव्हती तिथे!"

आवाज चालूच होता.

"काय म्हणते ती? खुशालराव, काय म्हणते?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. न्यायाधीश, सभासद, ठेकेदार, वकील. सगळी अमरावती माझ्या बापाच्या तोंडाकडे पाहत होती. आई सांगायची, वडिलांच्या कपाळावरून घाम गळत होता. त्या माणसांनाही भीती वाटली होती. त्या घटकेला वडिलांनी जे सांगितलं असतं, ते त्यांनी केलं असतं. नागपूरच्या सभासदाने तर तिथल्या तिथे लिहून दिलं असतं. एक झाड! काय मोठी गोष्ट होती?

आई दारातून मनातल्या मनात म्हणत होती, बोला. आता तरी बोला.

वडील उभे राहिले. कोट सारखा केला.

"आभार मानून राह्यली जी," ते म्हणाले. "सरकारचे."



मग जानरावांनी मोठा श्वास सोडला. कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. भीती गेली, चेहऱ्यांवर रंग आला, चिवडा पुन्हा फिरला. टाळ्यांत तो आवाज बुडून गेला. टाळ्या थांबल्या तेव्हा रेडिओवर आगटेसाहेब धन्यवाद म्हणत होते.

आता सगळ्यात विचित्र ऐका.

चार दिवसांनी मुंबईहून आगटेसाहेबांचं पत्र आलं. कार्यक्रम उत्तम झाला, दुभाष्याचा आवाज तर फारच स्वच्छ उमटला, लोकांनी कळवलं आहे. म्हणजे बाकी सगळीकडे माझ्या बापाचा आवाज गेला होता. तो फक्त त्या व्हरांड्यात आला नाही.

का? मला विचारू नका. मी इंजिनियर नाही आणि मांत्रिकही नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो.

म्हातारा परत गेला आणि ठसा नसलेलं, लोखंड न लागलेलं झाड शोधत हिंडत राहिला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. गावाजवळचं सागवान सगळं ठशाचं. शोधत शोधत तो राखीव जंगलात आत गेला. मे महिन्यात त्याने एक झाड पाडलं आणि पकडला गेला. त्याने आपलं म्हणणं मांडलं, तेव्हा त्याला विचारलं गेलं, की बाबा, तूच तर रेडिओवर आनंद झाला म्हणालास? चांगली शिकलेली माणसं साक्षीला होती. लाकूड जप्त झालं, आणि जप्त लाकडावर काय मारतात? ठसा. म्हातारा कैदेत तापाने फणफणला आणि पावसाळ्यात गेला. पुढे लढाई सुरू झाली, मंत्रिमंडळ गेलं, आणि ती सुधारणा कुठल्या कपाटात गेली ते जानरावांनाही सांगता आलं नसतं.

सोमाबुढा गेल्याची बातमी चिखलदऱ्याच्या एका भाजीवालीने आणली. वडिलांनी ऐकलं, आणि त्या वर्षी मळा विकून अकोल्याला आले. मी अकोल्यातच जन्मलो. अमरावती सुटली, कोरकू बोलणं सुटलं.

श्वास सुटला नाही.

तो मी स्वतः ऐकला आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांच्या बोलण्यामागे असा श्वास येतो. शाळेत मित्राच्या घरी गेलो आणि त्याचे वडील बोलले, तेव्हा मी पुढच्या श्वासाची वाट पाहत बसलो. तो आला नाही. घरी येऊन मी आईला विचारलं. तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुह्या बापाचं एक काम राह्यलं हाय. त्याची आठवन करून देते कोनीतरी."

"मग बाबा करत काहून नाई?"

"कराले हिंमत लागते बाप्पा," आई म्हणाली. "कोट घालाले लागत नाई."

वडील १९७१ साली गेले. शेवटच्या दुखण्यात एका दुपारी आईने त्यांना विचारलं. बत्तीस वर्षं तिने हा प्रश्न ठेवून दिला होता.

"अजी, त्या दिवशी बाई काय म्हनत होती?"

आईला वाटलं होतं, शाप असेल. मलाही तेच वाटत होतं. मी उशाशी बसलो होतो.

वडिलांनी पांघरुणाचा काठ मुठीत धरला. मग बोलले.

"झाड सांगत होती."

"झाड?"

"तिनं जित्तेपनी पाहून ठेवलं होतं. सागाचं. नाल्याच्या वरतं, दोन दरडींच्या मंधात. तिथं कोनी जात नाई, हातोडा तिथं पोहोचत नाई. कोन्या वाटेनं जाचं, कोन्या गोट्यापासून वळाचं, किती पावलं... सारं सांगत होती. म्हने, हे माह्या बुढ्याले सांगा. त्याले मी दिसते, पन त्याले माह्यं आयकू येत नाई."

आई उठून उभी राहिली.

"म्हंजे तुमाले ठाव होतं? म्हातारा तीन महिने झाड पाहत हिंडला, अन् तुमाले ठाव होतं?"

"मंग मी काय सांगू त्याले जाऊन?" वडील म्हणाले. "का म्या तवा खोटं सांगितलं म्हनून?"

आईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी दुसरीकडे तोंड केलं. एवढ्यासाठी. लाजेसाठी. एका भाजीवाल्याला चार मोठ्या माणसांत तोंडघशी पडायचं नव्हतं, म्हणून एक म्हातारा कैदेत मेला आणि एक बाई बाहेर उभी राहिली. माझा बाप होता तो. मला त्याची कीव आली नाही. राग आला, आणि त्याहून जास्त किळस आली.

"आता सांगा," आई म्हणाली. "सारा ठिकाना सांगा. पोराले सांगा."

वडिलांनी सांगितलं. नाला, दरड, गोटा, पावलं. तो ठिकाणा त्यांनी बत्तीस वर्षांत एकदाही कोणाजवळ काढला नव्हता, पण एक शब्द अडला नाही. मला त्यांनी दोनदा म्हणून दाखवायला लावलं. मी म्हटलं.

मी थांबलो, आणि माझ्या मागून...

श्वास आला.

वडिलांनी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती छाती पुढे काढून सांगितली असती. की मग मी मेळघाटात गेलो, सोमाबुढ्याचं गाव शोधलं, त्याच्या पुतण्यांना झाड दाखवलं, आणि एका फळीऐवजी दोन उभ्या राहिल्या.

मी गेलो नाही.

आधी नोकरी होती. मग आईचं आजारपण. जाताना तिने एवढंच विचारलं, "गेलता का रे?" मी म्हटलं, "जातो." मग मुलींची लग्नं. चिखलदऱ्याला मी तीनदा जाऊन आलो. पर्यटक म्हणून. धुकं पाहिलं, कॉफी प्यायलो, फोटो काढले. ते गाव तिथून खाली दिसतं. मी कठड्याला टेकून पाहिलं. तिथे जाऊन सांगायचं काय? की माझ्या बापाने असं केलं, म्हणून?

हे वाक्य लिहिलं आणि माझा हात थांबला. हे कोणाचं बोलणं आहे ते माझ्या लक्षात आलं.

आता मी ऐंशी ओलांडली आहे. अकोल्यात राहतो. पत्नी माणिकबाई देवपूजेत, मी रेडिओजवळ. आजही तिथे तेच चालतं. कायद्यातल्या सुधारणा, आदिवासींचे हक्क, उद्योगांना चालना. पंधरा मिनिटं वकील, बारा मिनिटं उद्योगपती. शेवटी एखादी डोंगरातली बाई तिच्या भाषेत काही बोलायला लागते, आणि दोन शब्दांत तिचा आवाज खाली दाबून वरून कोणाचा तरी गुळगुळीत मराठी आवाज येतो. काय बोलली होती ती? कोणी तपासत नाही.

तुम्ही म्हणाल, आजोबा, तो ठिकाणा निदान इथे तरी लिहा. कोणीतरी जाईल.

मी तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा नाल्याच्या नावापर्यंत आलो आणि पुसलं. झाड अजून असेल कशावरून? तुम्ही तिथे मोबाईल घेऊन भुतं शोधायला जाल. शिवाय माझं नाव निघेल, मुलींच्या सासरी कळेल. कारणं सगळी चांगली आहेत. एकेक ऐकण्यासारखं आहे.

परवा संध्याकाळी रेडिओवर मुलाखत लागली होती. जंगलाच्या जमिनीबद्दल. मुलाखत घेणाऱ्याने प्रश्न विचारला. पलीकडून उत्तर आलं नाही. एक सेकंद... दोन सेकंद... तांत्रिक अडचण असेल, मी मनाशी म्हटलं.

मग तो श्वास ऐकू आला. रेडिओतून नाही. माझ्या डाव्या बाजूने.

पूर्वी तो आत घेतला जायचा आणि विरायचा. परवा तो विरला नाही. कोणीतरी श्वास रोखून धरला होता. मी बोलावं म्हणून.

मला ठिकाणा तोंडपाठ आहे. नाला, दरड, गोटा, पावलं. सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही.

मी हात लांब केला आणि रेडिओ बंद केला.